फोटोखालची जागा

आमच्या घरी आल्बम कधीच नव्हता. होती ती चिकटवही. आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, नेवासे तालुक्यातील एका मिशन बोर्डिंगात शिपाई होते. बोर्डिंगच्या कचेरीतून बाद झालेली एक जाड खतावणी त्यांनी मागून आणली होती. तिच्या जमाखर्चाच्या लाल-निळ्या रेघांवर त्यांनी तीस-पस्तीस वर्षे जे जे चिकटविले त्यात घरातील फोटो तर होतेच; पण हरेगावच्या यात्रेची हस्तपत्रके होती, एस.टी.ची तिकिटे होती, कुणा फादरांच्या गुरुदीक्षेची स्मृतिपत्रिका होती, आणि 'निरोप्या'तील कात्रणे होती. हे मासिक आपल्याच जिल्ह्यातील केंदळ गावी फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली सुरू केले, याचा नानांना फार अभिमान. एका पानावर तर चुलत्यांच्या कांद्याची पट्टी चिकटविलेली होती. ती का जपावी, हे आम्हांला अद्याप उमगलेले नाही.

डिंक विकत आणण्याची ऐपत नसल्याने गव्हाच्या पिठाची खळ शिजवून, तीत चिमूटभर मोरचूद टाकून, नाना दर पावसाळ्यापूर्वी एकदा ही वही उघडून बसत. मोरचुदाने कसर लागत नाही, हे ते बोर्डिंगच्या पुस्तकबांधणीत शिकले होते. तरी कसर लागलीच. पीठ हे माणसाचे तसे तिचेही अन्न. तिला तरी दोष काय द्यावा?

नानांचे अक्षर मोठे वळणदार होते. शब्दांच्या बाबतीत मात्र ते विलक्षण काटकसरी. प्रत्येक फोटोखाली एकच ओळ: प्रसंग, तारीख, गाव, जिल्हा आणि फोटोचा खर्च. 'प्रथम ख्रिस्तप्रसाद. जि. अहमदनगर. खर्च रु. ३.' बस्स. खर्च लिहिण्यास ते कधी विसरले नाहीत; माणसांची नावे लिहिण्यास मात्र पुष्कळदा विसरले. विसरले असेही म्हणता येत नाही. ज्या माणसांबरोबर आपण रोज एका ताटात जेवतो त्यांची नावे लिहून ठेवावीत, असे कुणाला सुचेल?

२०११ साली नाना गेले आणि ही वही आमच्या पेटीत आली. पुढे चौदा वर्षे ती पेटीतच राहिली. ती बाहेर निघाली ती आमच्या भाचीमुळे. आमची थोरली बहीण, आक्का, श्रीरामपूरला असते. ही तिची धाकटी लेक. पुण्यात नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी रंगीत कागद, फिती, छापील अक्षरे आणून चिकटवह्या सजविते. हल्ली या छंदाचे भलतेच पेव फुटले आहे. छंद तसा जुनाच. अमेरिकेतील विनोदी लेखक मार्क ट्वेन यांनी तर पानांना आधीच गोंद लावून ठेवलेल्या चिकटवहीचे पेटंट १८७३ साली घेतले होते. विनोदी लेखक इतका व्यवहारी असू शकतो, हे पाहून आम्हांला अंमळ हेवाच वाटला. असो. भाचीचे लग्न नाताळानंतरच्या जानेवारीत ठरले होते आणि रुखवतात मांडण्यासाठी तिला आजोळची एक चिकटवही तयार करावयाची होती.

खतावणी उघडून ती आमच्यासमोर बसली आणि एकेका फोटोवर बोट ठेवून विचारू लागली, "मामा, हे कोण? आणि हे इथं काय करताहेत?"

वाचकहो, आम्ही पेशाने शिक्षक. मुलांना प्रश्न विचारण्याची आम्हांला तीस वर्षांची सवय. उत्तरे न येण्याची मात्र नव्हती. निम्म्याहून अधिक चेहऱ्यांची नावे आम्हांला सांगता आली नाहीत. दाढीवाले एक गृहस्थ तीन वेगवेगळ्या फोटोंत होते, म्हणजे ते घरोब्याचेच असणार. पण कोण, ते सांगणारे आता आमच्या घरात एकच माणूस उरले होते. ते म्हणजे आमची आई. तिचे वय ब्याऐंशी, तिला लिहितावाचता येत नाही, आणि गेल्या दोन वर्षांपासून तिची आठवण विहिरीच्या पाण्यासारखी झाली आहे. एखाद्या दिवशी काठोकाठ, एखाद्या दिवशी तळ दिसतो.

तेव्हा ठरले ते असे की आईने सांगायचे आणि आम्ही लिहायचे. आमचे नेवासे तर सांगणाऱ्याचे आणि लिहून घेणाऱ्याचेच गाव. पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतले, ही शके १२१२ ची गोष्ट. त्या लेखकूच्या पायाशी बसण्याचीही आमची योग्यता नाही. पण कुणी सांगत असताना मध्ये न बोलता लिहीत राहणे किती अवघड असते, हे त्या दोन महिन्यांत आम्हांला कळून चुकले.

आई सांगू लागली आणि नानांच्या एकओळींचे दरिद्रीपण उघडे पडत गेले. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेतील एक फोटो आहे. ही यात्रा १९४९ सालापासून सप्टेंबरात भरते आणि तिथे फोटोवाल्यांच्या कापडी राहुट्या लागत. पडद्यावर रंगविलेल्या विमानात आम्ही बसलो आहोत, वय पाच-सहा, चेहरा रडवेला. खाली नानांची ओळ: 'मतमाउली यात्रा, हरेगाव. १९७८. खर्च रु. ५.' आम्ही आजवर समजत होतो की विमानाला भ्यालो असू. आईने सांगितले ते निराळेच. अंगातला सदरा शेजारच्या मुलाचा होता. तो मुलगा राहुटीच्या दाराशी उघड्या अंगाने उभा राहून 'लवकर दे' म्हणून खुणावत होता, आणि तो सदरा आता परत द्यावा लागणार म्हणून आम्ही रडत होतो. फोटोत विमान आहे, आम्ही आहोत, सदरा आहे. तो मुलगा नाही. तो कुठल्याच फोटोत नाही. आम्ही ते सारे एका कपट्यावर लिहिले आणि फोटोशेजारी लावले, तेव्हा कुठे तो त्या पानावर येऊन उभा राहिला.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असतील. रेव्हरंड टिळकांसारख्या थोर कवीचा संसार नगर-राहुरीकडे कसा चालला, हे त्या पुस्तकावाचून आपल्याला कळलेच नसते. आणि ते कळते ते मोठ्या घटनांतून नव्हे, तर स्वयंपाकघरातील, पाहुण्यांच्या आणि रुसव्याफुगव्यांच्या हकीकतींतून. फोटो काढणारा नेमके तेवढे वगळतो. तो सर्वांना उभे करतो, केस सारखे करावयास लावतो आणि हालू नका म्हणतो.

लिहायचे कशावर आणि कशाने, याचाही आम्हांला धडा मिळाला. १९९५ साली, पहिल्या काही पगारांच्या उत्साहात, आम्ही नानांच्या वहीतून दहा-बारा फोटो उपसून एका झकपक आल्बममध्ये लावले होते. पानांना चिकट रेघा आणि वरून प्लॅस्टिकचा पारदर्शक पडदा, असा तो प्रकार. आज ती पाने हळदीसारखी पिवळी पडली आहेत आणि फोटो कागदाशी असे जखडले आहेत की ओढले तर चेहराच सोलून निघावा. दोन फोटो तसे गेलेही. आमच्या शहाणपणाने जे घडले ते नानांच्या पिठाच्या खळीने घडले नव्हते. उरलेले फोटो आम्ही फोटोमागून ताणलेला नायलॉनचा बारीक दोरा सरकवीत, करवतीसारखा चालवीत, एकेक करून सोडविले. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यातील आम्ल त्याला आतूनच खात असते. वर्तमानपत्राचे कात्रण पिवळे पडते ते त्यामुळेच. चिंध्यांपासून केलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद मात्र शतके टिकतो. म्हणून भाचीने पुण्याच्या हातकागद संस्थेतून जाड कागद आणला, आणि तिच्या चमचमत्या शाईच्या पेनांना रजा देऊन आम्ही साधी मऊ शिशाची पेन्सिल घेतली. पेन्सिलीचे अक्षर उडत नाही, ओल आली तरी पसरत नाही, आणि फोटोच्या पाठीवर लिहिले तरी पुढे उमटत नाही. शिवाय खोडता येते. हा गुण पुढे आम्हांला फार उपयोगी पडावयाचा होता.

जिल्ह्याच्या नावावरून थोडी चर्चा झाली. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तेव्हा नव्या वहीत तेच घालावे असे भाचीचे म्हणणे. नानांनी लिहिलेले 'जि. अहमदनगर' आम्ही तसेच ठेवले आणि बाजूला नवे नाव सालासकट घातले. आई म्हणाली, "नगर म्हणा, नगर. बाजाराला जाताना कोण एवढं लांबलचक म्हनतंय?"

आता ज्या पानासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो.

खतावणीच्या मध्यावर एक मोठा, गुळगुळीत, काळा-पांढरा फोटो होता. आमच्याकडच्या कुठल्याही फोटोवाल्याचा तो नव्हता. उघडेबोडके माळरान, खडीचे ढीग, आणि पुढे उकिडवी बसलेली आमची आई. हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, उजव्या हातात हातोडी. कॅमेऱ्याकडे तिने पाहिले आहे, पण हसण्यासाठी नव्हे. या फोटोखाली नानांनी काहीच लिहिले नव्हते. खर्चसुद्धा नाही. संपूर्ण वहीत कोरी जागा तेवढीच.

तो १९७३ चा उन्हाळा. त्या दुष्काळाविषयी वडीलधाऱ्या वाचकांना काय सांगावे? १९७२ चा पाऊस गेला आणि राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर आली. कुठे रस्ते, कुठे पाझर तलाव, कुठे नुसती खडी. बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी आणि वाटपाची सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. मागेल त्याला काम देणारा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, त्यामागे या ढिगांवर बसलेल्या बायकांचे हात होते. नानांचा बोर्डिंगचा पगार सात तोंडांना पुरत नव्हता, म्हणून आई कामावर जाई. एवढे आम्हांला ठाऊक होते. फोटो कुणा परदेशी पाहुण्याने काढला होता आणि पुढे कधीतरी मिशनच्या टपालातून त्याची प्रत आली होती, हेही ठाऊक होते.

जुनी खळ सुकून गेल्याने तो फोटो हात लावताच पानावरून सुटला. पाठीमागे निळ्या शाईत परक्या लिपीतील एक ओळ होती. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध फादरांना जर्मन येते. त्यांच्याकडे आम्ही ती नेली. त्यांनी चष्मा पुसून वाचली आणि क्षणभर थांबून अर्थ सांगितला: 'उपाशी आई, भारत, १९७३.'

नानांना जर्मन येत नव्हते. पण कुणाला तरी विचारल्याशिवाय ते राहिले नसतील, असे आम्हांला वाटते. फोटो जपला, पाठ कायमची चिकटवून टाकली, आणि पुढे लिहिण्यासाठी त्यांना शब्द सुचले नाहीत.

आम्ही घरी येऊन आईला ती ओळ वाचून दाखविली. आक्काही आली होती. आईने दोनदा विचारून घेतले.

"उपाशी? कोन उपाशी?" आई म्हणाली. "त्या दिशी मिलोच्या दोन भाकरी बांधून नेल्या व्हत्या म्या, कोरड्यास नव्हतं एवढंच. आन् त्या हप्त्याला आमच्या टोळीची खडी समद्यांत जास्त भरली, दोन ब्रास. मुकादमानं दोनदा मोजली. हे लिव्ह की त्याच्यावर."

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हातोडीने फोडलेल्या खडीचा तेवढा ढीग कधी उभा करून पाहावा, म्हणजे त्या वाक्याचे वजन कळेल.

आम्ही लगेच पेन्सिल उचलली. पण आक्का म्हणाली, "हा फोटो रुखवतात नको."

भाचीला वाटले, आजीने खडी फोडली याची आईला लाज वाटते. आम्हांलाही तेच वाटले. आणि, कबूल केलेच पाहिजे, आम्ही तिला श्रमाच्या प्रतिष्ठेवर थोडे व्याख्यानही दिले. व्याही काय म्हणतील हे मनात आणू नये, कष्टाची लाज कसली, वगैरे वगैरे. शिक्षकी पेशात ही खोड लागतेच. आक्का ऐकत होती आणि कोथिंबीर निवडीत होती. आमचे बोलणे संपल्यावर तिने हात पुसले, फोटो ओढून घेतला आणि डाव्या कडेला नख टेकविले.

"हे काय आहे, सांग बरं?"

तिथे चार काटक्यांवर गोणपाट टाकून केलेली सावली होती आणि तिच्याखाली काहीतरी काळपट गाठोडे. निम्मे फोटोच्या कडेने कापलेले. आम्ही ते आयुष्यभर गाठोडेच समजत आलो होतो. भाचीने मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला. ती नऊएक वर्षांची मुलगी होती, मांडीवर तान्हे मूल घेतलेली. मुलाच्या डोक्यावर तिचा हात आडवा धरलेला होता, माश्या वारण्यासाठी असेल.

मूल आम्ही होतो.

त्या वर्षी आक्का चौथीत होती. आई कामावर जाणार म्हणजे तान्ह्याला कुणी तरी सांभाळायला हवे. म्हणून दिवाळीनंतर तिची शाळा सुटली. दुष्काळ संपल्यावर पुन्हा घालू, असे ठरले होते. दुष्काळ संपला, पाऊस झाला, गावात पुन्हा जोंधळा पिकला. शाळेचे मात्र राहून गेले. आम्ही पुढे बोर्डिंगात शिकलो, नगरला पदवी घेतली, मास्तर झालो, चार लेख छापून आले. याचा आम्ही कधी हिशेबच मांडला नव्हता. आक्काने कधी बोलून दाखविले नव्हते. आताही ती रागाने बोलली नाही. भाजीचा भाव सांगावा तशी बोलली. आई खाली मान घालून बसली होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "लई हुशार व्हती ही. पाढे तिशीपर्यंत." आणि पुन्हा गप्प झाली.

त्या रात्री आम्ही लिहावयास बसलो. पहिला मजकूर दोन पाने झाला. त्यात 'त्यागमूर्ती' होते, 'वात्सल्यसिंधू' होते, 'ऋण' हा शब्द चार वेळा होता. सकाळी आक्काला वाचून दाखविला.

"हे कुणाच्या सत्काराचं भाषण आहे?" तिने विचारले.

खोडले. दुसऱ्यांदा लिहिले त्यात आमच्या पश्चात्तापाचेच वर्णन अधिक झाले होते, तेही खोडले. ज्याची शाळा सुटली नाही त्याला वाटणारे वाईट, ही त्या फोटोतील गोष्ट नव्हे, एवढे आम्हांला सुदैवाने वेळीच कळले. तिसऱ्यांदा जे उरले ते असे: 'पाझर तलावाचे काम, १९७३ चा उन्हाळा. आईच्या टोळीने त्या आठवड्यात दोन ब्रास खडी फोडली. बरोबर मिलोच्या दोन भाकरी होत्या. डाव्या कडेला गोणपाटाखाली आक्का. तिच्या मांडीवर धाकटा भाऊ. त्याला सांभाळण्यासाठी तिने शाळा सोडली. हे लिहिणारा तोच.'

आक्काने ते स्वतः वाचले, ओठ हलवीत, सावकाश. मग म्हणाली, "असू दे. पण सगळ्यांपुढं नको."

उपाय भाचीने काढला. तिने जाड कागदाचे एक पाकीट करून फोटोच्या मागे असे बसविले की वरून दिसू नये. आम्ही लिहिलेला कपटा त्यात सरकविला. पाठीवरची परकी ओळ आम्ही खोडली नाही. तीही त्या फोटोच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे. फक्त तिच्याखाली पेन्सिलीने आईचे नाव लिहिले. समोर, फोटोखाली, जिथे नानांनी जागा कोरी सोडली होती, तिथे आईने सांगितलेले तेवढे घातले: 'दोन ब्रास.'

लग्न थाटात झाले. रुखवतात लाडू-करंज्यांच्या ताटांशेजारी वही मांडली होती. व्याहीणबाईंनी ती कौतुकाने चाळली, विमानाच्या फोटोवर मनापासून हसल्या, आणि ते पान उलटून पुढे गेल्या. कुणी काही विचारले नाही. आम्ही उगाचच त्या टेबलाभोवती घुटमळत होतो.

परवा श्रीरामपूरला गेलो असता वही आक्काच्या कपाटावर होती. भाचीने ती आईकडेच ठेवली आहे. आक्का बाजाराला गेली होती. आम्ही ते पान उघडले आणि पाकिटातील कपटा बाहेर काढला. आमच्या मजकुराखाली, पेन्सिलीने, पाटीवर गिरवावे तसे मोठे आणि जपून काढलेले दुसरे अक्षर होते. 'डाव्या कडेला गोणपाटाखाली आक्का' या शब्दांपासून तिने खाली एक बाण ओढला होता आणि बाणाच्या टोकाशी लिहिले होते: 'इयत्ता चौथी.'